वीस पानांची सिद्धता

कोबीचा तिसरा गड्डाही फाटला, तेव्हा त्र्यंबकरावांनी सुरी खाली ठेवली आणि आपलं पुस्तक आता काही छापलं जात नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. तसं ते रोजच ठरवीत. पण आज पुरावा समोर होता. फरशीवर, पसरलेल्या वर्तमानपत्रावर, त्यांच्या धोतराच्या सोग्यावर कोबीच्या चिंध्या पडल्या होत्या आणि त्यांत अखंड म्हणावं असं एकही पान नव्हतं.

"किती झाली?" बाहेरच्या खोलीतून कलावतीबाईंनी विचारलं.

"काय किती?"

"पानं."

"एकही नाही."

"मग तासभर आत करताय काय?"

"फाडतोय," त्र्यंबकराव म्हणाले. बायकोशी खोटं बोलणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

कल्याणच्या शाळेत एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवून त्र्यंबकराव गेल्या साली निवृत्त झाले होते. डोंबिवलीत चाळीतल्या दोन खोल्यांत नवराबायको राहत. आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती. एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पाठीवर आपलं नाव असावं आणि ते पुस्तक कपाटात उभं राहिलं की नाव वाचता यावं. स्वतःचं काही लिहावं इतका त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी भाषांतर करायचं ठरवलं. थोर लेखकाचं भाषांतर केलं तर त्या लेखकाचा अपमान होईल, म्हणून ज्याचा लेखक कोण हेच ठाऊक नाही असं पुस्तक निवडलं. कल्याणच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या त्या इंग्रजी पुस्तकाला पुठ्ठा नव्हता आणि पहिली आठ पानंही नव्हती. ते पाककृतींचं निघालं.

त्र्यंबकरावांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता. पण ही त्यांना अडचण वाटली नाही. समुद्रावरच्या कविता शिकवताना तरी त्यांनी ठाण्याच्या खाडीपलीकडे कुठला समुद्र पाहिला होता? सहा वर्षं खपून त्यांनी 'पाश्चात्त्य पाकविचार' पुरं केलं. चारशे बारा पानं. त्यांपैकी चौसष्ट पानं प्रस्तावनेची, आणि प्रस्तावनेत पदार्थ एकही नाही.

आठ प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. नववे ठाण्याचे विठ्ठलराव. आईच्या नावानं त्यांनी 'शेवंती प्रकाशन' काढलं होतं आणि छापखानाही त्यांचाच होता. त्यांनी चार पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, भाषा उत्तम आहे. मला कळत नाही इतकी उत्तम आहे. पण पदार्थ होतात का?"

"होतात असं मूळ पुस्तकात म्हटलंय."

"आमच्या 'घरच्या घरी साबण'मध्येही तसंच म्हटलं होतं." विठ्ठलरावांनी टेबलावरची एक करडी वीट उचलून दाखवली. "हा बघा. साताऱ्याच्या वाचकानं पार्सलनं परत पाठवलाय. फेस नाही, पण कागद उडत नाहीत. तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी छपाईचा एक खिळा जुळवत नाही." मग त्यांनी डोळे मिटून हस्तलिखितात बोट घातलं. पान दोनशे बारा उघडलं. "हं. को-बी-वे-ष्टि-का. हे काय?"

"कोबीच्या पानात सारण भरून ते गुंडाळायचं, आणि वाफेवर–"

"म्हणजे वळकटी."

"वळकटी अंथरुणाची असते," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. या एका शब्दासाठी त्यांनी अकरा दिवस घालवले होते.

"नाव काही असू द्या. करून दाखवा. सारण वहिनींनी केलं तरी चालेल, पण पानं तुम्ही सोडवायची, तुमचंच पुस्तक वाचून. वहिनींना काय, पुस्तक न वाचताही येईल. रविवारी डोंबिवलीला येतो. जमलं तर पुस्तक घेतलं."

"आणि नाही जमलं तर?"

विठ्ठलरावांनी साबणाची वीट परत कागदांवर ठेवली. ते उत्तर पुरेसं होतं.

घरी येऊन त्र्यंबकरावांनी कार्ड लिहिलं. पहिला मसुदा असा होता: 'कोबीच्या प्रयोगासाठी रविवारी सकाळी अकरा वाजता अगत्य यावे. कोबीच्या वीस पानांची सिद्धता केली आहे.' दोन ओळींत 'कोबीच्या' दोनदा आलं, हे त्यांना खटकलं. प्रकाशक भाषा पाहणारा माणूस. पुनरुक्ती त्याच्या नजरेतून सुटणार नाही. त्यांनी दुसरं 'कोबीच्या' काढून टाकलं, नव्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ते पेटीत टाकून आले. आठवडाभरात त्यांच्या हातून एवढीच गोष्ट मनासारखी झाली होती.

आणि आज शनिवार उजाडला, तो हा असा. तीन गड्डे संपले होते.

कलावतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मदत करायची नाही, असं नवऱ्यानं बजावलेलं असल्यामुळे त्यांनी हात पाठीमागे धरले होते. "ह्याचं काय करू आता?" चिंध्यांकडे बघत त्यांनी विचारलं.

"टाकून दे. मलाही टाकून दे."

"अन्न टाकतात का?" त्या म्हणाल्या, आणि दोन्ही प्रश्न एकदमच निकालात निघाले. त्यांनी चिंध्या गोळा केल्या. दुपारी कोबीची भाजी झाली, संध्याकाळी थालीपिठं. तरी चिंध्या उरल्याच. त्या त्यांनी ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या.

रविवारी सकाळी सातलाच त्र्यंबकराव स्टेशनाजवळच्या बाजारात गेले. आंबिवलीहून भाजी घेऊन येणारी तुळसा पाटी उतरवतच होती. त्यांना बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

"मास्तर, काल तीन नेलंव. आज परत कोबीच? घरान ससं पालल्यात का?"

"नाही. पानं सोडवतोय."

"सोरवून काय करताव?"

"गुंडाळतो."

तुळसानं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. नोकरी सुटल्यावर घरात बसून माणसाचं असं होतं, हे तिनं पाहिलेलं होतं. तिनं पाटीतले दोन चांगले गड्डे निवडून त्यांच्या पिशवीत घातले आणि हळू आवाजात म्हणाली, "उनान जास्त फिरू नका."

ते दोन गड्डे साडेआठपर्यंत फाटले. त्र्यंबकराव परत गेले आणि तिच्याकडचे उरलेले पाचही उचलून आणले. या वेळी तुळसा शेजारच्या कांदेवालीला म्हणाली, "बिचारी बायको."

दरम्यान पानं मऊ करण्यासाठी मोठं भांडं हवं होतं. कलावतीबाई पलीकडच्या बिऱ्हाडातल्या आवडाबाईंकडे गेल्या. आवडाबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. चाळीत कुणाकडे काय शिजतंय याची त्यांना नेहमीच काळजी असे.

"पातेलं कुठलं आणू गो?" आवडाबाई म्हणाल्या. "काल कल्हईवाल्यानं अख्ख्या चाळीची भांडी गोळा केलीन. पातेली, ताटं, वाट्या, सगळी. अर्धी घासून काळी करून ठेवलीन, मग म्हणतो नवसागर संपला. कल्याणला गेला तो गेला. संध्याकाळी येतो म्हणे. हे आंघोळीचं घंगाळ काय ते राहिलंय, ते ने."

"आंघोळीचं?"

"स्वच्छ आहे हो. आज कुणी आंघोळ केल्येय आमच्यात?"

घंगाळ शेगडीवर चढलं. त्यात फाटकी पानं शिजू लागली आणि उकडलेल्या कोबीचा तो जड, ओला वास जिन्यावरून खाली उतरला. तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, उंदीर मेलाय का बघा रे कुठं!" दोघं जण काठ्या घेऊन जिन्याखाली शोधायला लागले. त्र्यंबकरावांनी खिडकी लावून घेतली आणि आपल्याजवळच्या नकलेतलं पान दोनशे बारा पुन्हा उघडलं. या वेळी ते मोठ्यानं वाचू लागले, कारण मनातल्या मनात वाचून काही होत नव्हतं.

"'प्रथम कोबीचा गाभा काढून टाकावा. मग अखंड पाने अलगद सोडवून मृदू होईपर्यंत उष्णोदकात धरावीत. वीस पाने पुरे.'"

"काय काढून टाकावा?" कलावतीबाईंनी कांदा चिरता चिरता विचारलं.

"गाभा."

"कोबीचा गाभा कुठं असतो?"

"आत. मधोमध. कोवळा, पांढरा."

"आणि तो तुम्ही काढताय कुठून?"

"वरून. पानं बाजूला सारून. म्हणजे... पानं बाजूला होत नाहीत, फाटतात. पण त्याशिवाय आत जायचं कसं?"

कलावतीबाईंनी विळी आडवी केली. त्या उठल्या, पिशवीतला एक गड्डा उचलला आणि उलटा करून नवऱ्यापुढे धरला. खालच्या जाड, टणक बुडख्यावर त्यांनी बोटानं टकटक केलं. "काढायचा तो हा असेल. दांडा. सगळी पानं ह्याला धरून असतात. हा कोरून काढला की पानं आपोआप सुटतील. त्यासाठी आतला कोवळा भाग उकरून कोण काढतं? तो तर खायचा असतो!"

त्र्यंबकराव शब्दकोश घेऊन आले. मूळच्या 'कोअर' या इंग्रजी शब्दाला कोशात चार अर्थ होते. गाभा पहिला होता, दांडा चौथा. भाषांतर करताना त्यांनी पहिला घेतला होता, कारण चौथा घेण्यासाठी लागतो तो आत्मविश्वास त्यांच्याकडे नव्हता. ते नकलेची पानं घाईघाईनं चाळू लागले.

"काय झालं?"

"हा शब्द पुस्तकात एकतीस ठिकाणी आहे," ते म्हणाले. "सफरचंदातलाही मी गाभाच काढून टाकायला सांगितलाय."

"मग लोक खाणार काय?"

"साल," त्र्यंबकराव म्हणाले.

पण रडायला वेळ नव्हता. दहा वाजले होते. त्यांनी गड्डा उलटा केला, सुरीच्या टोकानं दांडा कोरला आणि भीतभीत पहिल्या पानाला हात लावला. पान सुटलं. अखंड. एखाद्या मोठ्या हिरव्या ओंजळीसारखं ते त्यांच्या हातात आलं. गरम पाण्यात धरल्यावर ते कापडासारखं मऊ झालं. मागची जाड शीर त्यांनी सुरीनं हलकेच तासली. एका गड्ड्याची सात मोठी पानं निघाली, दुसऱ्याची सात, तिसऱ्याची सहा. अकराला पाच मिनिटं कमी असताना पाटावर ओल्या फडक्याखाली वीस पानं होती. त्र्यंबकरावांनी ती तीनदा मोजली. तिन्ही वेळा वीसच भरली. एवढं सुख त्यांना सोसेना. यात काहीतरी चुकलंच असणार, असं त्यांना वाटू लागलं.

"अहो," कलावतीबाईंनी खिडकी उघडून खाली बघत विचारलं, "विठ्ठलराव एकटे येणार आहेत ना?"

"हो."

"मग त्यांच्या मागून हे कोण कोण?"

"मागून?"

"पुढे तेच असावेत, टोपीवाले. मागे दोन बायका, चार मुलं. त्यांच्यामागे सहा, सात... शाई लागलेल्या सदऱ्यांचे बारा-तेरा जण. अहो, अख्खा छापखाना आलाय!"

जिना थरथरू लागला. विठ्ठलराव हसत हसत दारात आले आणि त्यांच्या मागे व्हरांडाभर माणसं उभी राहिली.

"मास्तर, मानलं तुम्हाला!" ते म्हणाले. "नुसता पदार्थ दाखवा म्हटलं, तर तुम्ही पंगतच घातलीत. छापखान्यातली माणसं कधीची मागं लागली होती, कुठंतरी जेवायला न्या म्हणून. तुमचं कार्ड आलं, म्हटलं चला! वीस पानं म्हणालात, बरोबर वीस आणली आहेत. आमचा बाइंडर एकविसावा होत होता. त्याला म्हटलं, तू घरीच थांब, मास्तरांना अडचणीत टाकायचं नाही."

त्यांनी खिशातून कार्ड काढून कलावतीबाईंच्या हातात दिलं. कलावतीबाईंनी वाचलं: 'वीस पानांची सिद्धता केली आहे.' मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. असं त्यांनी यापूर्वी एकदाच बघितलं होतं.

"'कोबीच्या' असा शब्द होता," त्र्यंबकराव कुजबुजले. "मी गाळला."

"का?"

"पुनरुक्ती होत होती."

कलावतीबाईंनी पाहुण्यांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत येऊन दार लोटून घेतलं. आवडाबाई मागच्या दारानं आत येऊन पोचल्याच होत्या.

"भात किती आहे?" आवडाबाईंनी विचारलं.

"चार माणसांचा मसालेभात. सारणापुरता."

"माझ्याकडे तांदूळ आहेत. घंगाळ रिकामं कर, त्यातच शिजवू. आणि भाताबरोबर कोरड्यास?"

कलावतीबाईंनी फडकी सोडली. कालच्या आणि आजच्या मिळून पाच गड्ड्यांच्या चिंध्या. "कोबी आहे," त्या म्हणाल्या. "कोबी मात्र मागाल तेवढा आहे."

पाऊण तास त्या दोघींचे हात थांबले नाहीत. भाजी झाली, पचडी झाली, डाळीच्या पिठात बुडवून भजी झाली. त्र्यंबकराव मध्ये मध्ये येऊन "मी काय करू?" असं विचारत आणि "बाजूला व्हा" हे ऐकून बाजूला होत. बाहेर व्हरांड्यात जावं तर पाहुण्यांशी बोलावं लागणार, म्हणून ते दाराच्या फटीपाशी उभे राहिले. वीस पानांवरच्या फडक्याची कोर त्यांनी हातात धरून ठेवली होती.

भात शिजला आणि मग खरी गोष्ट ध्यानात आली.

"ताटं?" आवडाबाई म्हणाल्या.

सगळ्या चाळीची ताटं खाली आवारात पोत्यात बांधलेली होती, काळी आणि राखेनं माखलेली. लग्नसराई असल्यामुळे वाण्याकडे पत्रावळ नव्हती. मागच्या केळीची पानं गेल्या आठवड्यात सत्यनारायणाला गेली होती. घरात चिनी मातीच्या चार बश्या होत्या आणि त्यांतली एक चिरलेली.

"आणि हे काय झाकून ठेवलंयत?" आवडाबाईंनी फडकं ओढलं. "अग बाई! पानंच तर आहेत!"

"वहिनी, ती नव्हेत," त्र्यंबकराव म्हणाले.

"किती आहेत गो?"

"वीस," कलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"आणि माणसं?"

"वीस."

"मग झालं तर!"

"ती परीक्षेची आहेत," त्र्यंबकराव पुन्हा म्हणाले. पण ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा आवाज एकोणतीस वर्षांत दुसऱ्या बाकापलीकडे कधी पोचला नव्हता.

एकेक पान एकेका ओंजळीत गेलं. पानावर मसालेभात पडला, बाजूला भाजी, वर एक भजं. त्र्यंबकराव दाराच्या फटीतून बघत राहिले. पाच गड्डे फाडून, एक शब्द चुकून, एक शब्द गाळून मिळवलेली ती वीस पानं आता जेवणाऱ्यांच्या हातात होती. थोड्या वेळानं ती उष्टी होऊन मागच्या अंगणात पडणार होती. मग विठ्ठलराव हात धुऊन विचारतील, हं मास्तर, आता तुमची ती वेष्टिका दाखवा. पाटावर तेव्हा ओलं फडकं असेल, बाकी काही नाही. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून पाहिलं. "क्षमा असावी" याच्या पुढे वाक्य जाईना.

व्हरांड्याच्या टोकाला राघो बसला होता. राघो बाळकुमचा. विठ्ठलरावांकडे बारा वर्षं खिळे जुळवत होता. भाजीचा रस त्याच्या पानातून कोपरापर्यंत ओघळू लागला होता. त्यानं इकडे तिकडे बघितलं, पानाच्या दोन्ही कडा आत दुमडल्या, खालून वर गुंडाळलं आणि ती सुरळी दातांनी मधोमध तोडली.

"काय केलंस रे?" शेजारच्यानं विचारलं.

"पान पन खाल्ला," राघो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "बेस लागतं."

शेजाऱ्यानं तसंच केलं. मग मुलांनी केलं. मग विठ्ठलरावांच्या बायकोनं, तोंडासमोर पदर धरून. व्हरांडाभर चावण्याचा आवाज येऊ लागला. विठ्ठलरावांचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी डाव्या हातानं पिशवीतून आपल्याकडे ठेवून घेतलेलं हस्तलिखित ओढलं आणि पान दोनशे बारा काढलं.

"राघो, कडा आत दुमडल्यास ना?"

"जी."

"'दोन्ही बाजू आत घ्याव्यात,'" विठ्ठलरावांनी वाचलं. "आणि खालून वर गुंडाळलंस?"

"गुंडालला."

"'व अधोभागाकडून ऊर्ध्वभागाकडे वेष्टन करावे.' अहो मास्तर! मास्तर कुठं आहेत? हीच की हो ती तुमची वळकटी!"

त्र्यंबकरावांना दाराबाहेर यावं लागलं. वीस जण त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता आणि पुन्हा येऊ नये, असं त्यांना वाटलं.

"हो, पण ही... नंतर पाऊण तास वाफेवर ठेवायची असते," ते म्हणाले. "आणि हे मी केलेलं नाही. चुकून झालंय."

"साबण असा चुकून झाला असता, तर मी आज कुठल्या कुठं असतो! चुकून होतो तोच पदार्थ खरा. वाचकही चुकूनच करणार आहे. पुस्तक घेतलं मास्तर!"

आतून आवडाबाईंनी झारा घंगाळावर आपटून टाळ्यांसारखा आवाज काढला. घेतलं, असं विठ्ठलराव म्हणाले होते. वीस जणांनी ऐकलं होतं. त्यांतले निम्म्याहून अधिक छापखान्यातलेच होते. आता यात चूक निघणं कठीण होतं. तरी त्र्यंबकराव शोधत होते.

पाहुणे सुपारी चघळत जिना उतरू लागले, तेव्हा विठ्ठलरावांनी हस्तलिखिताचं बाड त्यांच्या हातात परत ठेवलं. "उद्या राघोला पाठवतो. त्याच्याकडे वीस पानं काढून द्या."

"कोबीची?" त्र्यंबकरावांनी विचारलं. या वेळी त्यांनी शब्द गाळला नाही.

"पुस्तकाची हो! वीस पानं छापू. कुठली ते तुम्ही ठरवा. कोबी त्यात हवाच."

"चारशे बारा आहेत."

"चारशे बारा कोण पचवणार? मी जेवढं खाल्लं तेवढ्याची खात्री देऊ शकतो. वीस पानांची पुस्तिका, स्टेशनाबाहेर खपेल. काय रे राघो?"

"सोला पानांचा फर्मा, म्हंजे सव्वा फर्मा," राघो हिशेबीपणानं म्हणाला.

त्र्यंबकरावांनी जिन्याचा कठडा धरला. "आणि माझं नाव... पुस्तकाच्या पाठीवर येईल ना?"

विठ्ठलराव दोन पायऱ्या परत वर आले. माणूस चांगला होता; त्यांनाही वाईट वाटलं. "मास्तर," ते म्हणाले, "वीस पानांच्या पुस्तकाला पाठ नसते. पिना मारतात."

संध्याकाळी कल्हईवाला परतला. खाली आवारात त्याचा भाता फुसफुसत होता आणि चाळीची ताटं एकेक करून चकाकू लागली होती. त्र्यंबकराव बाड मांडीवर घेऊन बसले होते. दोन तासांत त्यांनी एकही पान वेगळं केलं नव्हतं. हे काढावं तर ते लटकतं, ते काढावं तर हे फाटतं.

"माझ्यानं नाही व्हायचं," ते म्हणाले. "विठ्ठलरावांना कळवून टाकतो. कार्ड दे."

"कार्ड नका लिहू," कलावतीबाई घाईघाईनं म्हणाल्या. हात पुसत त्या समोर येऊन बसल्या. सहा वर्षांत त्यांनी या बाडाला केरसुणी लागू नये एवढीच काळजी घेतली होती, ते उघडून कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ते आपल्याकडे ओढलं, दोन-चार ठिकाणी चाळलं आणि मग सुरुवातीचा जाड गठ्ठा चिमटीत धरला. "हे एवढं काय आहे?"

"प्रस्तावना. चौसष्ट पानं." त्र्यंबकरावांनी पुढे होऊन गठ्ठ्यावर हात ठेवला. "त्याला हात लावू नकोस. तो सगळ्या पुस्तकाचा गाभा आहे."

कलावतीबाईंनी पाटावरची सुरी घेतली आणि बाडाचा दोरा टोकानं हलकेच उचलला.

"गाभा नव्हे हो," त्या म्हणाल्या. "दांडा."